मांडीवरचा शिकारी

ऑक्टोबर २०२३मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल माझ्या वाचनात जरा उशिराच आला. खटला कुत्र्याचा होता. कुणाला चावलेल्या एखाद्या कुत्र्याचा नव्हे, एका अख्ख्या जातीचा. कॅव्हेलिअर किंग चार्ल्स स्पॅनियल हे तिचे लांबलचक नाव. मोठे पाणीदार डोळे, रेशमी लोंबते कान, मांडीवर बसण्यासाठीच जन्माला आल्यासारखा बेताचा आकार. या कुत्र्याची नॉर्वेत जशी पैदास चालते ती तिथल्या प्राणिकल्याण कायद्याचा भंग करणारी आहे, असे एका प्राणिमित्र संस्थेचे म्हणणे होते. ते ओस्लोच्या जिल्हा न्यायालयात, अपिलात आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयातही टिकले. याच दाव्यात इंग्लिश बुलडॉगही होता, पण त्याच्या बाबतीत अपिलात निकाल फिरला. कॅव्हेलिअर मात्र सुटला नाही. त्याचे हृदय लवकर निकामी होते, आणि त्याच्या कवटीत मेंदूला पुरेशी जागा नसते.

हे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. माझ्या लहानपणी आमच्या घरी एक कॉकर स्पॅनियल होती. जेवताना तिचे कान थाळीत बुडायचे, म्हणून आई कपडे वाळत घालायच्या चिमट्याने ते डोक्यावर एकत्र अडकवून ठेवायची. दर पावसाळ्यात ते कान पिकायचे आणि घरभर औषधाचा वास सुटायचा. ही जात मुळात कशासाठी घडवली, असा प्रश्न घरात कुणाला पडला नव्हता. फक्त एकदा, अंगणाच्या कडेच्या झुडपात ती नाक जमिनीला लावून नागमोडी शिरली आणि आतून एक भारद्वाज फडफडत बाहेर पडला. ती तिथेच थबकली आणि मागे वळून आमच्याकडे पाहू लागली. आता पुढचे काम तुमचे, असे काहीतरी त्या नजरेत होते. ते काम कोणते हे ना आम्हाला ठाऊक होते, ना तिला. ते शोधायचे तर सहाशे वर्षे मागे जावे लागते.

*

फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी फ्वा नावाचे संस्थान होते. तिथला काउंट गास्तों फेबूस हा शिकारीचा वेडा. १३८७मध्ये त्याने शिकारीवर एक ग्रंथ लिहायला घेतला. पुढे १३९१मध्ये अस्वलाची शिकार करून परतल्यावर तो वारला, म्हणजे विषयाशी अखेरपर्यंत इमान राखून होता असे म्हणायला हरकत नाही. या ग्रंथात ससाण्याबरोबर काम करणाऱ्या कुत्र्याचे एक प्रकरण आहे. याला ‘स्पॅनिश’ म्हणतात, कारण ही जात स्पेनमधून आली, असे तो सांगतो. हा कुत्रा धन्यावर जीव लावतो, गर्दीतही त्याची साथ सोडत नाही, शेपूट हलवत पुढे चालतो, पक्षी उठवतो. आणि मग लगेच तक्रारीचा सूर: तो भांडखोर आहे, फार भुंकतो, इतर शिकारी कुत्र्यांना वाट चुकवतो, ज्या देशातून आला त्या देशाचे सगळे दुर्गुण त्याच्यात आहेत. शेजारच्या देशाबद्दलचा राग कुत्र्यावर काढण्याची ही रीत किती जुनी आहे पाहा.

खरोखरच तो स्पेनमधून आला का? नावाखेरीज भक्कम पुरावा फारसा नाही. व्हर्जिनिया वुल्फने स्पॅनियलवरच्या आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीला या व्युत्पत्तीची यथेच्छ थट्टा केली आहे, तिच्याकडे पुढे वळायचे आहेच. मला महत्त्वाचे वाटते ते कामाचे वर्णन. बंदूक पक्ष्यांच्या शिकारीत यायला अजून बराच अवकाश होता. पक्षी मिळवायचे मार्ग दोन: ससाणा किंवा जाळे. ससाण्यासाठी कुत्र्याने गवतात दडलेला तित्तिर उडवून द्यायचा, म्हणजे वर घिरट्या घालणारा ससाणा त्याच्यावर झडप घालतो. जाळ्यासाठी मात्र नेमके उलटे. कुत्र्याने पक्ष्याचा वास लागताच पोट जमिनीला टेकून निपचित पडायचे आणि माणसांनी दोन बाजूंनी जाळे ओढत आणून पक्ष्यांवर, कधी कधी कुत्र्यावरही, टाकायचे. एकाच कुळातल्या कुत्र्यांना कुठे झेप शिकवली, कुठे संयम. पुढे संयमवाल्यांचे सेटर झाले आणि झेपवाले स्पॅनियल राहिले.

ही विभागणी पहिल्यांदा नीट कागदावर मांडली ती एका वैद्याने. जॉन कायस (आडनावाचा उच्चार ‘कीज’) हा इंग्लंडच्या राजघराण्याचा वैद्य, केंब्रिजच्या ज्या कॉलेजला आजही त्याचे नाव आहे त्याचा पुनर्संस्थापक. झुरिकचा निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर जगातल्या सगळ्या प्राण्यांची माहिती गोळा करत होता. त्याच्यासाठी कायसने इंग्लंडमधल्या कुत्र्यांची टिपणे काढली. ती १५७०मध्ये लॅटिन पुस्तक म्हणून छापली गेली आणि १५७६मध्ये अब्राहम फ्लेमिंगने त्यांचा इंग्रजी अनुवाद केला. कायस कुत्र्यांची वर्गवारी रूपावरून करत नाही, कामावरून करतो. जमिनीवरचा स्पॅनियल, जाळ्यासाठी दबून बसणारा, आणि पाण्यातला. पाण्यातला स्पॅनियल बदके तर आणतोच, शिवाय नेम चुकून पाण्यात पडलेले बाणही शोधून आणतो. बाण फुकट मिळत नसत; त्या काळच्या जमाखर्चात ही बचत मोठी असणार.

आणि मग येतो चौथा, सगळ्यात लहान: बायकांच्या मांडीवर बसणारा ‘कम्फर्टर’, म्हणजे जिवाला आराम देणारा. याच्याबद्दल लिहिताना कायसचे दोन चेहरे दिसतात. पोटच्या पोरापेक्षा कुत्र्याचे लाड करणाऱ्या नटव्या बायकांवर तो तोंडसुख घेतो. पण त्याच्यातला वैद्य लगेच पुढे होतो आणि सांगतो, की हा कुत्रा दुखऱ्या पोटावर किंवा छातीवर धरला तर दुखणे हलके होते, आणि कधी कधी माणसाचा आजार कुत्र्यात उतरतो. आज आपण हसू. परंतु ज्या घरात गरम पाण्याची पिशवी नव्हती आणि हिवाळा सहा महिन्यांचा होता, तिथे पोटावर ठेवलेल्या ऊबदार, श्वास घेणाऱ्या पाच शेरांच्या जिवाचा उपयोग काही अगदीच काल्पनिक नव्हता.

*

इथून स्पॅनियलच्या दोन वाटा होतात. एक झुडपात जाते, एक महालात. महालातली वाट चित्रांवरून छान दिसते. टिशियनच्या १५३८च्या ‘व्हीनस ऑफ उर्बिनो’त पलंगाच्या पायथ्याशी तांबडे-पांढरे पिटुकले कुत्रे गाढ झोपले आहे. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या पाच मुलांचे व्हॅन डाइकने १६३७मध्ये रंगवलेले चित्र पाहा. मधोमध उभ्या सात वर्षांच्या राजपुत्राचा हात एका प्रचंड मॅस्टिफच्या डोक्यावर आहे आणि उजव्या कोपऱ्यात एक लहानसा स्पॅनियल. तोच राजपुत्र पुढे दुसरा चार्ल्स झाला, पण त्याने जीव लावला तो कोपऱ्यातल्या कुत्र्याला. बापाचा शिरच्छेद, वनवास आणि मग १६६०मध्ये परत मिळालेली गादी. गादीवर बसून महिना होतो न होतो तोच राजाचा कुत्रा चोरीला गेल्याची जाहिरात वृत्तपत्रात आली. तो मात्र ग्रेहाउंड आणि स्पॅनियल यांच्या मधला काळा कुत्रा होता. सॅम्युएल पेपीजने १६६७च्या सप्टेंबरात रोजनिशीत चिडून नोंदवले आहे, की मंत्रिमंडळाच्या बैठकीत राजा कामाकडे न पाहता कुत्र्याशी खेळत बसला होता. दुसरा रोजनिशीकार जॉन एव्हलिन लिहितो, की राजाच्या शेजघरातच कुत्र्या व्यायच्या आणि पिलांना पाजायच्या, त्यामुळे तिथे दुर्गंधी पसरलेली असे.

या राजाने म्हणे फर्मान काढले होते, की त्याच्या नावाच्या स्पॅनियलला इंग्लंडमधल्या कोणत्याही इमारतीत, अगदी पार्लमेंटमध्येही, मज्जाव करता येणार नाही. कुत्र्यांवरच्या निम्म्या पुस्तकांत ही गोष्ट आढळते. असा कायदा कुठेही नाही. स्कॉटलंडच्या राणी मेरीचे तसेच. ८ फेब्रुवारी १५८७ रोजी तिचा शिरच्छेद झाला तेव्हा तिच्या घागऱ्यात दडलेला कुत्रा सापडला आणि तो तिच्या देहापासून हलेना, हे प्रत्यक्षदर्शी वृत्तांतात आहे. पण तिथे शब्द आहेत ते फक्त ‘लहान कुत्रा’ एवढेच. तो स्पॅनियल होता हे स्पॅनियलवाल्यांनी ठरवले, टेरिअर होता हे टेरिअरवाल्यांनी.

साहित्याने मात्र स्पॅनियलवर अन्याय केला. शेक्सपिअरच्या नाटकांत तो येतो तो लाळघोटेपणाची उपमा म्हणून. ‘ज्युलिअस सीझर’मध्ये तर लाडीगोडी लावणाऱ्याला सीझर सरळ स्पॅनियलच म्हणतो. धन्याची साथ न सोडणे हा गास्तों फेबूसला गुण वाटला होता. दरबारात वावरलेल्या माणसांनी तोच गुण पाहिला आणि त्यांना दरबारी आठवले.

या अन्यायाची भरपाई झाली ती साडेतीनशे वर्षांनी, एका तांबूस कॉकरमुळे. कवयित्री एलिझाबेथ बॅरेटचा भाऊ १८४०मध्ये समुद्रात बुडाला. आधीच आजारी असलेली ती खचून गेली. तेव्हा मेरी रसेल मिटफर्ड या लेखिका मैत्रिणीने तिला फ्लश नावाचा स्पॅनियल पाठवला. रानात पक्षी उठवायला जन्मलेले हे जनावर लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या बंद खोलीत तिच्या पायाशी निजून राहिले. त्या काळी लंडनमध्ये कुत्राचोरांच्या टोळ्या होत्या. श्रीमंतांचे कुत्रे उचलायचे आणि खंडणी मागायची. हा धंदा इतका माजला होता, की १८४५मध्ये त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. फ्लश तीनदा चोरीला गेला. तिसऱ्यांदा गेला तो सप्टेंबर १८४६मध्ये, एलिझाबेथ आणि रॉबर्ट ब्राउनिंग यांच्या गुप्त विवाहाच्या ऐन तोंडावर. खंडणी देऊ नये असे वडिलांचे मत, भावाचे मत, आणि प्रियकराचेही: गुंडांपुढे वाकणे तत्त्वाला धरून नाही. वर्षानुवर्षे बहुतेक काळ खोलीतच काढलेली ही बाई मोलकरणीला घेऊन गाडीत बसली आणि शहराच्या बदनाम वस्तीत थेट चोरांच्या म्होरक्याच्या दारी गेली. फ्लश परत आला. काही दिवसांनी त्याला घेऊन ती नवऱ्याबरोबर इटलीला निघून गेली. ज्या बाईला स्वतःच्या बापाचे दार ओलांडायचे होते, तिची रंगीत तालीम या फेरीत झाली असावी असे मला नेहमी वाटते. फ्लश १८५४मध्ये फ्लॉरेन्सला वारला.

‘द वेव्हज’ लिहून थकलेल्या व्हर्जिनिया वुल्फने विरंगुळा म्हणून या कुत्र्याचे चरित्र लिहिले. ते १९३३मध्ये आले. तिच्याजवळ स्वतःची कॉकर होती, पिंका, व्हिटा सॅकव्हिल-वेस्टने दिलेली. वुल्फने तीन चोऱ्यांची एक केली, आणि माणसांचे जग नाकाने वाचून दाखवले. समीक्षक तिच्या कादंबऱ्यांच्या यादीत हे पुस्तक शेवटी ठेवतात. मी ठेवणार नाही.

*

आता झुडपातली वाट. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चकमकीची बंदूक हलकी आणि भरवशाची झाली, उडता पक्षी टिपणे शक्य झाले आणि स्पॅनियलचे काम नव्याने ठरले. बंदुकीच्या टप्प्यात, म्हणजे तीस-चाळीस पावलांच्या आत, धन्याच्या पुढे डावी-उजवी नागमोडी चाल धरायची, पक्षी उठवायचा, बार होताच जागच्या जागी बसायचे आणि हुकूम मिळाला की पडलेला पक्षी दात न लावता आणून द्यायचा. आमच्या अंगणातल्या कॉकरने थबकून मागे वळून पाहिले होते, ते हेच. ती बाराची वाट पाहत होती.

वुडकॉक या झुडपी रानात दडणाऱ्या पक्ष्यावरून कॉकर, पक्षी उसळवणारा तो स्प्रिंगर. या मुळात जाती नव्हत्या, हुद्दे होते. एकाच विणीतले पिल्लू पंचवीस पौंडांच्या आत राहिले तर कॉकर, वर गेले तर मोठ्या गटात. १८५९मध्ये न्यूकॅसलला पहिले कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, १८७३मध्ये केनेल क्लब स्थापन झाला, आणि हुद्द्यांच्या जाती झाल्या. वंशावळीच्या वह्या आल्या, रोटी-बेटी व्यवहाराचे नियम आले. ज्यांची वहीत नोंद झाली नाही किंवा ज्यांचे काम संपले, ते गेले. इंग्लिश वॉटर स्पॅनियल गेला. ट्वीड नदीकाठचा वॉटर स्पॅनियल गेला, पण जाता जाता लॉर्ड ट्वीडमाउथच्या कुत्र्यांत, १८६८च्या विणीतून, आजच्या गोल्डन रिट्रीव्हरमध्ये उतरला.

मांडीवरच्या स्पॅनियलचे काय झाले ते तर विलक्षण आहे. एकोणिसाव्या शतकात चपट्या नाकाची हौस आली. पगसारख्या कुत्र्यांशी संकर झाला असावा. काही असो, टिशियनच्या चित्रातले निमुळते तोंड गेले आणि घुमटासारखे डोके व आत दबलेले नाक आले. लांब नाकाचे पिल्लू जन्मले तर ते टाकाऊ. १९२६मध्ये रॉसवेल एल्ड्रिज नावाचा एक अमेरिकन गृहस्थ लंडनला आला. जुन्या चित्रांतल्यासारखा स्पॅनियल शोधू लागला तर त्याला कुठे दिसेना. त्याने क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात जाहीर केले, की दुसऱ्या चार्ल्सच्या काळच्या चित्रांत दिसतो तशा लांब तोंडाच्या, सपाट डोक्याच्या उत्तम नराला आणि मादीला पंचवीस-पंचवीस पौंड बक्षीस. पैदासकारांना ही चेष्टा वाटली. पण पंचवीस पौंड तेव्हा थोडे नव्हते, आणि काही जणांनी टाकाऊ पिल्ले जपायला सुरुवात केली. १९२८मध्ये या नव्या-जुन्या कुत्र्याचा क्लब निघाला. सभासदांनी सोळाव्या ते अठराव्या शतकांतल्या चित्रांच्या प्रती आणल्या आणि त्या वर्षी बक्षीस मिळवणारा ‘अ‍ॅन्स सन’ नावाचा कुत्रा समोर ठेवून जातीचे मानक लिहिले. एल्ड्रिज ते पाहायला नव्हता. त्याच वर्षी तो वारला. १९४५मध्ये केनेल क्लबने ही स्वतंत्र जात मानली. तिचे नाव कॅव्हेलिअर.

चित्रावरून कुत्रा करणे, ही गोष्ट मला अजूनही पुरती पचलेली नाही. त्या पहिल्या सभेत असेही ठरले होते, की या कुत्र्याला फॅशनपासून जपायचे, त्याचे केस कातरायचे नाहीत, तो नैसर्गिक राहू द्यायचा. हेतू निर्मळ होता. पण सुरुवात मोजक्या जनावरांपासून झाली, पुढचे सगळे त्यांच्याच पोटचे. चित्रात बाह्यरेखा दिसते. हृदयाची झडप दिसत नाही. पशुवैद्यांच्या पाहण्या सांगतात, की पाच वर्षांच्या सुमाराला जवळपास निम्म्या कॅव्हेलिअरांच्या हृदयात मर्मर ऐकू येते, आणि दहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांच्या. कवटीचा मागचा भाग मेंदूला अपुरा पडतो, मज्जारज्जूत द्रव साठून पोकळ्या होतात, आणि कुत्रा हवेतच मान खाजवत राहतो. मालकांना ती गंमत वाटते. २००८मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटाने हे घराघरांत दाखवले. त्यानंतर बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपणच बंद केले.

नॉर्वेच्या न्यायालयाने कॅव्हेलिअर पाळायला मनाई केलेली नाही. शुद्ध रक्ताची पैदास थांबवा, शास्त्रीय पद्धतीने दुसऱ्या जातींशी संकर करायचा असेल तर करा, असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे ज्या संकराने एल्ड्रिजच्या मते बिघाड झाला होता, तोच आता उपाय. पैदासकारांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. निरोगी जनावरे तपासून, निवडून पैदास करावी, असे त्यांतले अनेक जण प्रामाणिकपणे सांगतात आणि करतातही. पण जिथे निवडायला निरोगी फारसे उरलेलेच नाहीत, तिथे चाळणी कितीही बारीक घेतली तरी खाली काय पडणार?

झुडपातल्या स्पॅनियलला यातले पुष्कळसे टळले, कारण त्याला दिवसभर धावावे लागे आणि धावता न येणाऱ्याची वीण कुणी ठेवत नसे. बंदुका कमी झाल्यावर त्याला नवे धनी मिळाले. मार्च २००३मध्ये इराकमधल्या सफवान गावात बस्टर नावाच्या स्प्रिंगरने लपवलेली शस्त्रे शोधून दिली आणि त्याला डिकिन पदक मिळाले. २००४मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक प्रयोग छापून आला. मूत्राच्या सात नमुन्यांतून मूत्राशयाच्या कर्करोगाचा एक ओळखायचा, असे सहा कुत्र्यांना शिकवले होते. नशिबाने बरोबर येण्याचे प्रमाण १४ टक्के; कुत्र्यांचे आले ४१ टक्के. त्यांतला सर्वांत हुशार टँगल नावाचा कॉकर होता. यातली खरी गोष्ट आकड्यांत नाही. निरोगी म्हणून घेतलेल्या एका माणसाच्या नमुन्यापाशी कुत्रे पुन्हा पुन्हा थांबू लागले. प्रशिक्षकांना वाटले, चुकताहेत. त्या माणसाची पुन्हा तपासणी केली, तर मूत्रपिंडात कर्करोग निघाला. डॉ. कायसला हे कळते तर तो मान डोलावून म्हणाला असता, मी सांगत होतो.

आपल्या विमानतळांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या श्वानपथकांत लॅब्रेडोरांबरोबर कॉकरही दिसतात. गेल्या वर्षी रांगेत उभा असताना एक सोनेरी कॉकर माझ्या सामानापर्यंत आली. पिशवीत डिंकाचे लाडू होते, साजूक तुपातले. मला वाटले, आता इथे मुक्काम पडणार. तिने चेनपाशी नाक नेले, एकदा श्वास घेतला आणि पुढच्या बॅगेकडे वळली. मागच्या बाईंच्या कडेवरच्या पोराने तिचा कान धरायला हात पुढे केला. “हात मत लगाना,” जवान हसून म्हणाला, “ड्यूटी पे है.” ती नाक जमिनीला लावून डावी-उजवी करत रांगेच्या टोकापर्यंत गेली. तिथे पोहोचल्यावर थबकली आणि मागे वळून त्याच्याकडे पाहू लागली.